लेकराला सीपी आहे, घर बांधायलोय. आत्ताच काय करून ठेवावं?

केजचा_बापू

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात गावाकडं स्वतःच्या जागेत घर बांधायलोय. जागा ३० बाय ५० फूट, पूर्वेला रस्ता, जमीन काळी. आखणी झालीय, दसऱ्याला पाया खोदायचा.

मुलगा ६ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवर ताबा कमी, दोन्ही पाय ताठ. वॉकर धरून अंगणात चालतो, घरात गुडघ्यांवर रांगतो. डोक्यानं तल्लख, कालच्या मॅचचा स्कोअर त्यालाच विचारावा. आंघोळ-संडासाला आम्ही उचलून नेतो. वजन १६ किलो, बायकोची कंबर आत्ताच धरायला लागलीय.

मिस्त्री माणूस चांगला, पण म्हणतो, "लेकरू लहान हाय. पुढं काय लागंल ते पुढं बघू, रॅम्प काय कवाबी करता येतंय." वडिलांचं वेगळंच. उंबरठ्याशिवाय घर कसलं, आणि जोतं रस्त्यापासून अडीच फूट पाहिजेच. त्यांचंही खोटं नाही, मागं ओढ्याचं पाणी शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत गेलं होतं.

नेटवर बघावं तर बटणावर खालीवर होणारे ओटे आणि घरातल्या घरात लिफ्ट. आपलं बजेट बेताचं. आत्ता काय केलंच पाहिजे आणि काय मागं ठेवलं तरी चालेल, एवढंच सांगा.

अभियंता_संभाजीनगर

मापं देतो. केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२१ ची. रॅम्पचा उतार १:१२, दार मोकळं ९०० मिमी, चाकाची खुर्ची वळायला १५०० मिमी म्हणजे साधारण ५ फुटांचं वर्तुळ. जोतं अडीच फूट ठेवलं तर रॅम्प ३० फूट, मधला सपाट टप्पा धरून ३५. दक्षिणेच्या बाजूनं भिंतीलगत बसेल, गाडी लावायची जागा जाईल. नकाशा टाका, बघतो.

परभणीची_आई

बापूभाऊ, माझी लेक १७ वर्षांची आहे. सीपीच, पण तुमच्या मुलापेक्षा जास्त. आधारानं बसते, उभी राहत नाही. ती ४ वर्षांची असताना आम्ही घर बांधलं. मी शिवणकाम करते, त्यामुळं माझं सगळं बोलणं टेपच्या मापात असतं, सांभाळून घ्या.

लहान पोरीचा झगा शिवताना आम्ही आत चार बोटं कपडा दुमडून ठेवतो, पुढच्या वर्षी टीप उसवली की उंची वाढते. घरालाही असंच सोडायचं, पण कुठं ते नीट ठरवून. भिंती, दारं, फरशीची पातळी, न्हाणीची जागा हे एकदा झालं की फोडाफोडीशिवाय बदलत नाही. ते आत्ता मोठ्या माणसाच्या मापानं करा. दांड्या, कमोडची उंची, पलंग, टेबल यांत आत्ता पैसा घालूच नका, हे लेकरू वाढेल तसं बदलायचंच असतं. सहा वर्षांच्या पोराच्या हाताला बसवलेली दांडी दहाव्या वर्षी त्याच्या मांडीला लागते. तुमचा मिस्त्री निम्मा बरोबर आहे, फक्त कुठला निम्मा ते त्याला माहीत नाही.

दारापासून सुरू करते. "३ फुटी दार" म्हणालात की मिस्त्री चौकट बाहेरून बाहेर ३ फूट धरतो. दोन्हीकडची लाकडं अडीच-अडीच इंच गेली, उघडलेल्या पल्ल्याची जाडी सव्वा इंच गेली, हातात उरले ३० इंचसुद्धा नाहीत. न्हाणीचं दार तर रिवाजानं अडीच फुटीच करतात, तिथं २४ सुद्धा भरत नाहीत. मोठ्या माणसाची खुर्ची चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत २५-२६ इंच असते, त्याच्याबाहेर चाक फिरवणाऱ्याची बोटं. म्हणून सगळ्या चौकटी साडेतीन फुटी सांगा, न्हाणीची आधी. तोंडी नको, कागदावर "मोकळं ३५ इंच" असं लिहून द्या. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर बहुतेक दाराशीच पडतं, मग आत उघडणारं दार ढकलायचं कसं?

उंबरठ्यासाठी वडिलांशी भांडू नका. आमच्याकडं सागवानी उंबरठा फरशीच्या बरोबरीनं गाडून बसवलाय, वर पितळेची पट्टी. सासूबाई त्यालाच हळदकुंकू वाहतात, लक्ष्मीची आजवर तक्रार आली नाही. विंचूकिड्यासाठी पल्ल्याच्या खालच्या कडेला रबराची पट्टी ठोकलीय.

आता न्हाणी. डोकं आणि पैसा इथं घाला, हॉलला पीओपी नसलं तर पाहुणे काही जेवायचे थांबत नाहीत. संडास आणि न्हाणी एकत्र, मध्ये भिंत नको, निदान ६ बाय ८ फूट. इंजिनिअरसाहेबांनी ५ फुटांचं वर्तुळ सांगितलं ते बरोबरच, पण त्या वर्तुळात आपल्याकडचा निळा ड्रम नसतो. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येणार, टँकरचं साठवणार, म्हणजे प्रत्येक न्हाणीत दोनशे लिटरचा ड्रम आलाच. दोन फूट जागा त्यानं खाल्ली की खुर्ची आत जाते पण वळत नाही, उलटी ओढून काढावी लागते. म्हणून ड्रम न्हाणीच्या भिंतीबाहेर ओट्यावर ठेवा आणि भिंतीतून नळ आत घ्या. बादल्या उचलणंही वाचतं.

न्हाणीची फरशी खोलीच्या बरोबरीनं पाहिजे. मिस्त्री म्हणणार, पाणी बाहेर येईल. त्याला सांगा, कोबा टाकायच्या आधी न्हाणीतला भराव ३ इंच खाली ठेव, ढाळ दारापासून पलीकडच्या कोपऱ्याकडं काढ, आणि दारात आडवी जाळीची पन्हळ दे. हे भराईच्या दिवशी फुकटात होतं.

कमोडच्या आणि आंघोळीच्या बाजूची भिंत ४ इंची नको, ९ इंची पक्क्या विटांची. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडचे जुने गवंडी लिंटेलला काँक्रीटचा पट्टा न सांगता टाकतात. तसाच एक रुंद पट्टा न्हाणीत खाली, जमिनीपासून दीड ते तीन फुटांच्या मध्ये टाकायला लावा. मग दांडी आत्ता खाली लावा, पुढं वर सरकवा, बोल्ट कुठंही धरतो. ४ इंची भिंतीत प्लास्टिकच्या प्लगवर ठोकलेली दांडी टॉवेलापुरती ठीक. माणसाचा भार पडला की प्लगसकट हातात येते. आणि गिलाव्याआधी त्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, शेजारी टेप लावून. पाइप कुठून गेलाय हे पाच वर्षांनी ड्रिल मारताना कुणालाच आठवत नसतं.

आंघोळीच्या तयार खुर्च्या महाग, आणि लेकराचं अंग वाढलं की बाद. आम्ही वेल्डरकडून जीआय पाइपची बाज करून घेतली, ४ बाय २ फूट, त्यावर नायलॉनची नवार विणली. पाणी खाली गळून जातं, पाठीला रुतत नाही. पायांच्या पाइपात दुसरा पाइप सरकतो, भोकं पाडून खिळी घातलीय. मला वाकायला लागू नये म्हणून सध्या उंची २८ इंच. खुर्चीवरून तिला तिचं तिला सरकता यायला लागलं तर १९ वर आणीन, खुर्चीची बैठक तेवढीच असते. नवार ढिली पडली की बदलायची, एवढाच खर्च.

मुलाची खोली न्हाणीला लागून ठेवा, मध्ये हॉल नको. आज त्याला टॉवेलात गुंडाळून पाहुण्यांसमोरून नेलं तरी कुणाला काही वाटत नाही. बाराव्या वर्षी त्यालाच वाटणार. आणि वहिनींच्या कंबरेवर तुम्ही एक ओळ लिहिलीत. भाऊ, १६ किलोचे ४५ होतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येईल एवढी जागा सोडा. स्लॅबच्या आधी इंजिनिअरला विचारून पलंगावरच्या बीममध्ये दोन जाड हुक सोडून घ्या. पंख्याचे चालणार नाहीत, बीमच्या सळईत अडकवलेले पाहिजेत. आत्ता त्याला झोका टांगा, पुढं उचलायचा झोळा लागला तर जागा तयार. हे आदल्या दिवशी जाऊन स्वतः बघा. स्लॅब पडत असताना मिस्त्री कुणाचं ऐकत नाही.

गवंडी_लातूरवाला

ताईंनी घराचं सांगितलं, मी भाहेरचं सांगतो. काळ्या रानात जोत्याला चिकटून रॅम्प ओतला की पुढच्या उन्हाळ्यात मधी फट पडती. माती पावसात फुगती, उन्हाळ्यात आकसती. घराचा पाया खोल हाय, त्यो हलत नाही. रॅम्प वरच्यावर बसलेला, त्यो खचतो. मग दाराशी दोन इंचाची पायरी तयार, अन खुर्चीचं पुढचं बारकं चाक तिथंच अडकतंय.

रॅम्पखालची काळी माती दोन-तीन फूट काढून टाका. मुरूम थराथरानं भरा, पाणी मारा, धुम्मस करा. जोतं अन रॅम्प यांच्यात सांधा मुद्दाम ठेवा, त्याच्यावर चेकर्ड पत्र्याची पट्टी टाका, एकाच बाजूनं बोल्ट. हललं तरी पट्टी सरकती, पायरी होत नाही.

अडीच फुटाचा रॅम्प एकदम नका करू. अंगणच फाटकापासून हळूहळू एक फूट भरून आणा. राहिला दीड फूट, त्याला १८ फुटाचा रॅम्प. म्हाताऱ्याचं जोतंबी तेवढंच राहतंय. पाण्याची वाट मात्र आधी काढा, भराव करून पाणी भिंतीकडं वळवलं तर म्हातारा खरा ठरंल. रॅम्पच्या दोन्ही कडंला चार इंचाची कट्टी, वर झाडू मारून खरबरीत करा, घोटून गुळगुळीत नका करू. कठड्याला स्टीलचा पाइप लावताल, तर मे महिन्यात दुपारी दोनला त्याला हात लावून बघा. सुती दोरी गुंडाळा नाहीतर लाकूड बसवा.

ओटी_थेरपिस्ट

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मराठवाड्यातल्याच मुलांसोबत काम करते. ताईंचं जवळजवळ सगळं पटलं. एका ठिकाणी अडते: त्यांनी घर उचलणाऱ्याच्या बाजूनं पाहिलंय, आणि बापूंचा मुलगा अजून बरंच स्वतः करू शकेल असा दिसतो.

थेरपिस्टला त्याची जीएमएफसीएस लेव्हल, म्हणजे हालचालीच्या क्षमतेची पातळी, विचारा, १ ते ५ असते. या वयानंतर ती सहसा फार बदलत नाही, त्यामुळे पुढचा अंदाज बांधता येतो. वॉकरवर चालणारी बरीच मुलं वयात येताना, उंची आणि वजन वाढलं की लांबच्या अंतराला खुर्ची पसंत करतात. ती हार नव्हे, शाळेपर्यंत पोचून दमलेलं नसणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणजे दारं खुर्चीच्या मापाची हवीतच, पण आजची दहा वर्षं त्याच्या गुडघ्यांची आणि हातांची आहेत.

फरशी म्हणून फार गुळगुळीत टाइल नको, आणि खडबडीत शहाबादीही नको, रांगणाऱ्याचे गुडघे सोलतात. मॅट टाइल घ्या. खोलीपासून न्हाणीपर्यंत भिंतीला सलग कठडा, आज त्याच्या कोपराच्या उंचीला. ब्रॅकेट सोडवून वर नेता येईल असा. त्याचे कपडे, दप्तर, पाण्याचा तांब्या खालच्या फळीवर. दिव्याची बटणं ३ फुटांवर. हात धुवायचं बेसिन खालून मोकळं ठेवा, कपाट नको, म्हणजे आज स्टुलावर बसून आणि उद्या खुर्चीतून त्याला वापरता येईल. संडासात सुरुवातीला पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले की ताठरपणा वाढतो आणि पोट साफ होत नाही.

परभणीची_आई

मॅडम, पाटाचं लाखमोलाचं सांगितलंत. बाकी मुलगा स्वतः करेल तर सोन्याहून पिवळं, पण तो तापानं आठ दिवस झोपला की उचलणारी माणसंच लागतात. हुक राहू द्या.

शेतकरी_बाबा_जालना

माझा मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम. आमच्यासारख्यांसाठी पण लिहून ठेवतो, कारण हा धागा ते लोकही वाचतील. आमचा चालता-पळता आहे, त्याला रॅम्प नको, त्याला अडवायला पाहिजे. दार उघडं दिसलं की पसार, आणि पाण्याची भयंकर ओढ. घर शेतात असेल तर विहीर आणि शेततळं आधी बघा. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप, आणि आत जाड दोर गाठी मारून कायमचा सोडलेला. घरात हौदाला झाकण, वरची कडी दाराच्या माथ्याशी, गच्चीच्या जिन्याला खालीच फाटक. पत्र्यावर पाऊस पडला की आमचा कान धरून ओरडतो, म्हणून त्याची खोली स्लॅबखाली घेतली आणि भांडी घासायची मोरी लांब नेली.

गोदाकाठ_नांदेड

सगळं वाचलं. पण आमचं घरकुल मंजूर झालंय. लेक ८ वर्षांची, पाठीच्या मणक्याचा जन्मजात आजार, खुर्चीवरच असते. १ लाख २० हजारांत ६ बाय ८ ची न्हाणी कुठून आणू?

परभणीची_आई

गोदाकाठ, घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यात सगळं बसत नाही हे खरं, म्हणून निवडून करा. जोतं, एक रुंद दार, न्हाणी. दोन खोल्यांच्या मधली भिंत बांधूच नका, पडदा लावा किंवा कपाट आडवं ठेवा. विटा वाचतात, एक चौकट वाचते आणि खुर्ची फिरते. शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात, पण त्यात कोपऱ्यात ४ बाय ३ ची खोली उभी करून देतात. तिथं तुमची लेक कधीच स्वतः जाऊ शकणार नाही. ते शौचालय घराच्या मागच्या भिंतीला लागून घ्या, न्हाणी त्यातच धरा, ५ बाय ७ केलं तरी चालेल. दाराला सरकता पल्ला लावा. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी घरकुलाला मिळत आलीय, सध्या किती मिळते ते विचारून घ्या आणि ती पकडून हिशेब करा.

शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावात ती रक्कम फार नसते, पण रॅम्पचं सिमेंट किंवा कमोड निघू शकतं. लेकीचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) जोडून लेखी अर्ज द्या. "दिव्यांगासाठी मदत" असं मोघम लिहू नका. "स्वच्छतागृहाचं दार रुंद करणे, कमोड, दोन आधारदांड्या" असं लिहा आणि गवंड्याचा अंदाज जोडा. मोघम अर्जावर आमच्या गावात सगळ्यांना सारखी वाटणी झाली, प्रत्येकाच्या हातात काहीच आलं नाही.

तुमच्या लेकीला कमरेखाली स्पर्श कळत नसेल तर एक फार महत्त्वाचं: गरम पाण्याचा नळ तिच्या बाजूला नको, आणि पत्र्याखाली खुर्ची ठेवू नका. चटका बसलेला तिला कळणारच नाही. खुर्चीची लोखंडी पायपट्टी उन्हात तापते, त्यावर जुनी सतरंजी शिवून टाका. माप पाठवलंत तर मीच शिवून देईन.

केजचा_बापू

सगळ्यांचे आभार, एकेकाचं कागदावर उतरवून घेतलं. वडील दीड फूट रॅम्प आणि एक फूट अंगणाच्या भरावाला तयार झालेत, पाण्याची चारी ते स्वतः आखणार आहेत म्हणे. सपाट उंबरठ्यावर अजून गप्प आहेत. मिस्त्री साडेतीन फुटी चौकट ऐकून हसला, "काय म्हैस आणायची का आत?" म्हणाला. बायको तिथंच उभी होती. तिनं पोराला उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, घ्या, आता शेजारच्या अडीच फुटी मोरीत आडवं होऊन शिरून दाखवा. चौकटीची ऑर्डर गेली.

ताई, त्या बाजेच्या पायाला भोकं किती-किती अंतरावर पाडलीत तेवढं सांगा, वेल्डर शुक्रवारी येणार आहे.

परभणीची_आई

तीन-तीन इंचांवर, १९ पासून वर २८ पर्यंत. खिळीला साखळी लावून घ्या, नाहीतर आंघोळीच्या वेळी ती हमखास सापडत नाही. आणि पायांना रबरी बूट घाला, ओल्या फरशीवर बाज सरकते.